विषाणूंवरच्या लसींचं संशोधन : नव्या विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी

लसीच्या संशोधनात यायचं म्हणजे नवी लस शोधायची, असं चित्र मनात घेऊन बहुतेक विद्यार्थी येतात. पहिली दोन वर्षं मात्र जातात मोजण्यात. या व्हायलमध्ये जिवंत विषाणू किती? या सीरममधली (रक्तातल्या पेशी आणि गुठळी काढल्यावर उरलेल्या द्रवातली) प्रतिपिंडं त्यातल्या किती विषाणूंना अडवतात? कालचा आकडा आज पुन्हा येतो का? ज्याची ही मोजणी पक्की, त्याच्याच लसीच्या निकालावर कुणी भरवसा ठेवतं. म्हणून इथे मोजणीला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. बाकीच्या पायऱ्याही आहेत, पण त्या मोजणीच्या आगेमागे येतात.

विषाणू आधी, तंत्र नंतर

‘मला एमआरएनए शिकायचंय’ म्हणून लॅब शोधणं हा उलटा क्रम आहे. आधी एक विषाणू निवडा आणि स्वतःला विचारा : याच्यावर चांगली लस अजून का नाही, किंवा आहे ती अपुरी का पडते? प्रत्येक विषाणूचं उत्तर वेगळं असतं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्धची कमजोर प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला पेशीत शिरायला उलट मदत करू शकतात. एचआयव्ही झपाट्याने बदलतो आणि त्याचं बाहेरचं प्रथिन साखरेच्या रेणूंनी झाकलेलं असतं. अडचण कळली की कुठलं तंत्र शिकायचं ते आपोआप ठरतं.

आरएसव्ही, म्हणजे लहान मुलांच्या श्वासमार्गाला संसर्ग करणारा एक विषाणू, याचं उदाहरण प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने सविस्तर अभ्यासावं. १९६६-६७ मध्ये फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेली आरएसव्हीची लस लहान मुलांना दिली गेली. नंतर खरा संसर्ग झाला तेव्हा लस घेतलेली मुलं जास्त आजारी पडली. एका गटात संसर्ग झालेल्या लसधारक बाळांपैकी सुमारे ८० टक्के रुग्णालयात दाखल झाली आणि दोन बाळं दगावली. लसीने प्रतिपिंडं तयार झाली होती, पण ती विषाणूला नुसती चिकटत होती, त्याला अडवत नव्हती. या विषाणूच्या एफ प्रथिनाचे दोन आकार असतात : पेशीच्या पटलाशी एकजीव होण्याआधीचा आणि नंतरचा. सर्वांत प्रभावी प्रतिपिंडं पहिल्या आकाराला ओळखतात, आणि तो आकार फार नाजूक असतो. २०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना उलगडली आणि काही अमिनो आम्लं बदलून तो आकार स्थिर केला. २०२३ मध्ये त्याच तत्त्वावरच्या लसींना मान्यता मिळाली. कोरोनाविषाणूच्या स्पाइक प्रथिनात प्रोलिन हे अमिनो आम्ल दोन जागी बसवण्याची युक्तीही याच विचारातून आली, आणि ती कोविडच्या आधी मर्स विषाणूवर करून पाहिलेली होती.

यातून कामाची गोष्ट ही की ‘प्रतिपिंडं तयार झाली’ हे वाक्य अपुरं आहे. कुठल्या आकाराविरुद्ध, किती ताकदीची आणि अडवणारी की नुसती चिकटणारी, हे मोजलेलं असलं पाहिजे.

वाचनाची सुरुवात पुढच्या प्रश्नापासून करा : तुमच्या विषाणूसाठी संरक्षणाचा मान्य निर्देशांक आहे का? म्हणजे प्रतिपिंडांची अशी पातळी, जिच्यावर माणूस बहुधा सुरक्षित राहतो. हेपटायटिस बीसाठी १० मिलि-आययू (आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर, रेबीजसाठी ०.५ आययू प्रति मिलिलिटर, जपानी एन्सेफलायटिससाठी १:१० चा न्यूट्रलायझेशन टायटर (सीरम किती पट पातळ करूनही विषाणूला अडवतं, तो आकडा). फ्लूसाठी एचआय चाचणीतला (विषाणू तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो, ते सीरम थांबवतं का हे पाहणारी चाचणी) १:४० हा टायटर साधारण ५० टक्के संरक्षणाशी जोडला जातो. असा आकडा असेल तर तुमच्या प्रकल्पाला दिशा आहे. नसेल तर प्रकल्प वाईट ठरत नाही, पण नुसते टायटर दाखवून तो संपणार नाही. संसर्ग देऊन तपासणी करावी लागेल, आणि त्यासाठी वेळ धरून ठेवा.

लॅब निवडताना विचारायचे प्रश्न

गाइडची ख्याती पाहण्याआधी हे विचारा : जिवंत विषाणूचं काम कुठल्या जैवसुरक्षा पातळीवर (बीएसएल) चालतं? डेंग्यू किंवा हंगामी फ्लू बीएसएल-२ मध्ये हाताळता येतो. जिवंत सार्स-कोव्ह-२ (कोविडचा विषाणू) वाढवायला बीएसएल-३ लागतं, निपाह आणि इबोलाला बीएसएल-४. वरच्या पातळीवर प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि एकट्याने काम करण्याची परवानगी यांतच महिने जातात. तिथे पाळीने जागा मिळते, त्यामुळे चार तासांचा प्रयोग दिवसभराचा होतो.

प्राण्यांवरच्या प्रयोगांची नैतिक समितीची परवानगी आधीच आहे, की तुमच्या नावाने नव्याने काढायची आहे? रोजच्या रोज हात धरून शिकवणारं वरिष्ठ कोण आहे? आणि मागच्या विद्यार्थ्याचं काम कुठे अडकलं होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गाइडपेक्षा त्या विद्यार्थ्याकडून घेतलेलं बरं.

प्रबंधाची उद्दिष्टं आखताना पहिलं उद्दिष्ट असं ठेवा, जे परवानग्यांची वाट न पाहता बीएसएल-२ मध्ये पूर्ण होईल. यासाठी स्यूडोव्हायरस हा चांगला मार्ग आहे. व्हीएसव्ही (गुराढोरांचा एक विषाणू) किंवा लेंटिव्हायरसचा (एचआयव्हीच्या कुळातला) एकदाच संसर्ग करू शकणारा सांगाडा घेऊन त्यावर दुसऱ्या घातक विषाणूचं बाहेरचं प्रथिन बसवतात. पेशीत शिरण्याचा टप्पा यात हुबेहूब तपासता येतो, त्यापुढचे टप्पे मात्र तपासता येत नाहीत.

हात बसण्याआधीची शिस्त

क्लास-२ कॅबिनेटमध्ये (हवेच्या पडद्याने विषाणू आत ठेवणारं कामाचं कपाट) समोरच्या जाळीवर काहीही ठेवू नका, वही तर नाहीच. जाळी झाकली की हवेचा पडदा फाटतो आणि आतलं बाहेर, बाहेरचं आत येतं. स्वच्छ वस्तू एका बाजूला, वापरलेल्या दुसऱ्या बाजूला, हात एकाच दिशेने फिरले पाहिजेत. विषाणू असलेला द्रव ०.५ टक्के हायपोक्लोराइटमध्ये किमान १० मिनिटं राहू द्या आणि हे द्रावण रोज ताजं करा, कारण पातळ केलेलं क्लोरिन टिकत नाही. ७० टक्के अल्कोहोल वेष्टण असलेल्या विषाणूंवर छान चालतं, पण पोलिओसारख्या वेष्टण नसलेल्या विषाणूवर त्याचा भरवसा धरू नका. सांडलं, टोचलं, फुटलं तर त्याच क्षणी सांगायचं. लपवलेला अपघात सगळ्या लॅबला महागात पडतो.

पेशी

बहुतेक कामांची सुरुवात व्हेरो पेशींपासून होते. १९६२ मध्ये जपानमधल्या चिबा विद्यापीठात आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून त्या तयार झाल्या. या पेशी स्वतः इंटरफेरॉन बनवू शकत नाहीत, म्हणून असंख्य विषाणू त्यांत मोकळेपणी वाढतात.

पेशी आल्या की लगेच १५-२० व्हायल गोठवा आणि पॅसेज क्रमांक (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये वाटल्या तो आकडा) लिहा. २०-२५ पॅसेजनंतर नवी व्हायल काढा. पेशी पूर्ण दाटण्याची वाट पाहू नका. ८०-९० टक्के भरल्या की वाटा, नाहीतर पुढच्या प्लेटमध्ये त्या गुठळ्या करून बसतात आणि प्लाक (विषाणूने पेशी मारून पाडलेले ठिपके) मोजता येत नाहीत.

खरा शत्रू मायकोप्लाझ्मा, एक अगदी सूक्ष्म जिवाणू. बुरशी किंवा नेहमीचे जिवाणू वाढले तर माध्यम गढूळ होतं, रंग बदलतो, एका दिवसात कळतं. मायकोप्लाझ्मा मात्र माध्यम स्वच्छच ठेवतो. त्याला पेशीभित्ती नाही, त्यामुळे पेनिसिलिनचा उपयोग नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटू शकतो. पेशी हळू वाढतात, टायटर घसरतो आणि विद्यार्थी महिनाभर विषाणूलाच दोष देत बसतो. दर महिन्याला पीसीआरने तपासा. सापडला तर फ्लास्क नष्ट करून जुन्या स्वच्छ व्हायलपासून सुरुवात करा, औषधं घालून वाचवत बसू नका.

विषाणूचा स्टॉक

स्टॉक वाढवताना पेशींवर विषाणूंचा मारा करायचा मोह होतो. तो टाळा. एमओआय ०.०१ ठेवा, म्हणजे शंभर पेशींमागे एक विषाणू. जास्त एमओआयवर पुन्हापुन्हा वाढवलं तर अर्धवट जीनोमचे सदोष कण साठतात आणि तेच चांगल्या विषाणूंची वाढ रोखतात.

मास्टर स्टॉक एकदा बनवा आणि त्यापासून कामाचा स्टॉक. कामाचा स्टॉक ०.२ ते ०.५ मिलिलिटरच्या व्हायलमध्ये उणे ८० अंशांवर. एकदा वितळलेली व्हायल परत गोठवायची नाही.

आणि प्रत्येक नव्या स्टॉकचं सिक्वेन्सिंग करा. व्हेरो ई६ पेशींत वाढवताना सार्स-कोव्ह-२ विषाणू स्पाइकमधली फ्युरिन या पेशीतल्या विकराने कापली जाणारी जागाच गमावून बसतो, कारण त्या पेशींत तिच्यावाचून त्याचं बरं चालतं. अंड्यांत वाढवलेल्या फ्लूच्या एच३एन२ विषाणूतही असेच बदल होतात आणि लसीचा निशाणा थोडा चुकतो. तुम्ही ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं मोजताय तो निसर्गातला विषाणू आहे की तुमच्या फ्लास्कने घडवलेला, हे सिक्वेन्सिंगशिवाय सांगता येत नाही.

प्लाक मोजणं

१२ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये आदल्या दिवशी दर वेलला साधारण २ लाख व्हेरो पेशी टाका. दुसऱ्या दिवशी ९५ टक्के भरलेला सलग थर दिसला पाहिजे. विषाणूची दहापट डायल्युशन्स करा : १०० मायक्रोलिटर विषाणू, ९०० मायक्रोलिटर माध्यम. दर वेळी टिप बदला. तीच टिप पुढे नेली तर तिला चिकटलेला विषाणू पुढच्या नळीत जातो आणि टायटर खोटा वाढतो.

वेलमधलं माध्यम काढून २०० मायक्रोलिटर डायल्युशन घाला आणि ३७ अंशांवर एक तास ठेवा. दर १५ मिनिटांनी प्लेट हलक्या हाताने चारी बाजूंना झुलवा. गोल गोल फिरवलीत तर द्रव कडेला जातो, मधल्या पेशी सुकतात आणि तिथे पडलेलं भगदाड प्लाकसारखं दिसतं. तासाभराने कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचा घट्ट थर द्या, अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या आसपास. नवे विषाणू लांब वाहून न जाता शेजारच्याच पेशींत शिरावेत म्हणून हा थर असतो. यानंतर प्लेट अजिबात हलवायची नाही. हलली तर प्लाकला धूमकेतूसारख्या शेपट्या येतात.

थांबण्याचे दिवस विषाणूवर ठरतात. व्हीएसव्हीला एक-दोन, सार्स-कोव्ह-२ ला दोन-तीन, डेंग्यूला पाच ते सात. मग फॉर्मेलिनने स्थिर करून क्रिस्टल व्हायोलेट. जांभळ्या थरात पारदर्शक ठिपके दिसतात, प्रत्येक ठिपका एका विषाणूपासून सुरू झालेला. डेंग्यूच्या काही स्ट्रेनचे ठिपके इतके धूसर असतात की प्रतिपिंडाने रंगवून फोकस (संसर्ग झालेल्या पेशींचे पुंजके) मोजावे लागतात.

वेलमध्ये २० ते १०० प्लाक असतील तीच संख्या धरा. कारण साधं आहे : ५० प्लाकमध्ये नुसत्या योगायोगाने सुमारे ७ इकडेतिकडे होतात, म्हणजे १४ टक्के. ५ प्लाकमध्ये हीच चूक ४५ टक्क्यांवर जाते. शंभरच्या वर गेलं की प्लाक एकमेकांत मिसळतात.

समजा एक लाखपट डायल्युशनला ४२ प्लाक आले आणि वेलमध्ये ०.२ मिलिलिटर घातलं होतं. ४२ भागिले ०.२ म्हणजे २१०, गुणिले एक लाख, म्हणजे मिलिलिटरला २.१ कोटी पीएफयू (प्लाक पाडू शकणारे विषाणू).

न्यूट्रलायझेशन चाचणी

आता लसीचं खरं माप : सीरम विषाणूला किती अडवतं. सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवा, नाहीतर त्यातलं कॉम्प्लिमेंट (रक्तातली संरक्षक प्रथिनं) निकालात ढवळाढवळ करतं. ५० मायक्रोलिटर सीरम ४५० मायक्रोलिटर माध्यमात घाला, हे १:१०. तिथून २५० उचलून पुढच्या नळीतल्या २५० मध्ये, असं दुपटीने पुढे जा, शेवटच्या नळीतले २५० फेकून द्या. प्रत्येक नळीत २५० मायक्रोलिटर विषाणू घाला. म्हणजे १:१० चं झालं १:२०. अहवालात कुठला आकडा लिहायचा, विषाणू मिसळण्याआधीचा की नंतरचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दोन लॅबच्या निकालांत नेमका दुप्पट फरक आला तर तो बहुतेक वेळा इथलाच असतो.

वेलमध्ये २०० मायक्रोलिटर मिश्रण जाणार, त्यातला निम्मा भाग विषाणूचा. त्यात ५० पीएफयू हवे असतील तर विषाणूचं द्रावण मिलिलिटरला ५०० पीएफयूचं हवं. वरच्या स्टॉकसाठी हे ४२,००० पट डायल्युशन. एका दमात करू नका. दोन-तीन टप्पे घ्या आणि कुठल्याही टप्प्यात १० मायक्रोलिटरपेक्षा कमी उचलू नका.

मिश्रण ३७ अंशांवर एक तास ठेवून मग प्लेटवर, दर डायल्युशनला दोन वेल. सोबत नुसत्या पेशी, नुसता विषाणू, माहीत असलेलं पॉझिटिव्ह सीरम आणि निगेटिव्ह सीरम. इथे एक चूक सर्रास होते. नुसत्या विषाणूचा कंट्रोल बर्फात ठेवला जातो आणि नमुने इनक्युबेटरमध्ये. ३७ अंशांवर तासाभरात काही विषाणू आपोआप मरतात. कंट्रोल थंड राहिला तर त्यात प्लाक जास्त येतात आणि साधं पाणीसुद्धा संरक्षक वाटायला लागतं. कंट्रोलमध्येही तेवढंच माध्यम मिसळा आणि तो त्याच रॅकमध्ये, तेवढाच वेळ ठेवा.

निकाल असा वाचा. कंट्रोलची सरासरी ४८ प्लाक, म्हणजे निम्मे २४. नमुन्यात १:८० ला ७, १:१६० ला १९, १:३२० ला ३१ प्लाक. निम्म्याहून जास्त घट दाखवणारं शेवटचं डायल्युशन १:१६०. अधिक नेमकं हवं तर १६० ला ६०.४ टक्के घट आणि ३२० ला ३५.४ टक्के, यांच्यामधला ५० टक्क्यांचा बिंदू लॉग मोजपट्टीवर काढा, तो २१३ च्या आसपास येतो. पद्धत कुठलीही घ्या, पण सगळ्या नमुन्यांना एकच.

टायटरची सरासरी साध्या बेरजेने काढू नका. ४०, ८० आणि ६४० यांची साधी सरासरी २५३ येते, जी एकट्या ६४० ने ओढलेली आहे. भूमितीय सरासरी १२७. लसींच्या निकालात तीच वापरतात.

हात बसला हे ओळखायचं कसं? तेच सीरम तीन वेगवेगळ्या दिवशी चालवा. टायटर दुपटीच्या आत राहिले तर पुढे जा. न राहिले तर उंदरांना हात लावू नका, आधी पिपेट तपासा, मग पेशी, मग स्टॉक.

प्रतिजन आणि उंदीर

प्राण्यांचा प्रयोग परत करणं सोपं नसतं. एकेका प्राण्याचा जीव त्यात जातो, म्हणून आखणीतली चूक इथे अक्षम्य मानायला हवी. पुढच्या चुका टाळता येण्यासारख्या आहेत आणि तरीही वारंवार होतात.

ई. कोलाय जिवाणूत बनवलेल्या प्रथिनात (लसीतल्या प्रतिजनात) एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणातला विषारी घटक, राहतं आणि ते स्वतःच ॲड्जुव्हंटसारखं, म्हणजे प्रतिसाद वाढवणाऱ्या पदार्थासारखं काम करतं. मग तुमचं प्रथिन उत्तम लस वाटतं आणि शुद्ध केल्यावर परिणाम नाहीसा होतो. इंजेक्शनआधी एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करा. दुसरी चूक हिस्टिडिन टॅगची, म्हणजे प्रथिन शुद्ध करता यावं म्हणून त्याला जोडलेल्या शेपटीची. लसीतल्या प्रथिनावर आणि एलायझा (प्रतिपिंडं प्रथिनाला किती चिकटतात हे मोजणारी चाचणी) प्लेटवरच्या प्रथिनावर तोच टॅग असेल, तर टॅगविरुद्धची प्रतिपिंडंही मोजली जातात. टॅग कापून टाका किंवा प्लेटसाठी वेगळा टॅग वापरा.

बाल्ब/सी जातीचे उंदीर टीएच२ कडे झुकतात, सी५७बीएल/६ जातीचे टीएच१ कडे (मदतनीस टी-पेशींच्या प्रतिसादाचे हे दोन प्रकार). प्रतिसादाचा कल पाहायला आयजीजी१ आणि आयजीजी२ए या प्रतिपिंडांच्या उपप्रकारांचं गुणोत्तर काढतात, पण सी५७बीएल/६ मध्ये आयजीजी२ए नसतंच, तिथे आयजीजी२सी मोजावं लागतं. चुकीचं अभिकर्मक मागवलं की निकाल ‘पूर्ण टीएच२’ असा येतो आणि आरएसव्हीच्या अनुभवामुळे (तिथल्या आजारपणाशी टीएच२ कल जोडला जातो) चांगली लस उगाच बाद होते.

नेहमीचं वेळापत्रक : पहिल्या डोसआधी रक्त, दिवस ० ला पहिला डोस, २१ किंवा २८ ला दुसरा, त्यानंतर १४ दिवसांनी पुन्हा रक्त. उंदराच्या स्नायूत एका जागी ५० मायक्रोलिटरपर्यंतच द्या. गट किमान तीन : लस, फक्त ॲड्जुव्हंट, फक्त बफर. दोन लसींची तुलना असेल तर डोस कमी ठेवा. मोठ्या डोसला दोन्ही लसी छतापर्यंत पोचतात आणि फरक दिसेनासा होतो. एका पिंजऱ्यात एकच गट ठेवलात तर पिंजऱ्याचा परिणाम लसीचा वाटू शकतो, म्हणून गट सोडत काढून ठरवा आणि प्लाक मोजणाऱ्याला गट माहीत नसू द्या.

जिवंत उंदराकडून एका वेळी मिळणारं सीरम ५० मायक्रोलिटरच्या आसपास असतं. वर सांगितलेली चाचणीच ते सगळं संपवेल. म्हणून २५ मायक्रोलिटर घेऊन १:२० पासून सुरू करा आणि उरलेलं एलायझासाठी दोन व्हायलमध्ये ठेवा. ॲल्युमिनियमच्या क्षारांचं ॲड्जुव्हंट असलेली लस कधीही गोठवू नका. त्याचे कण एकत्र येऊन लस निकामी होते, आणि वितळल्यावर बघून ते ओळखू येईलच असं नाही.

निष्क्रिय विषाणूची लस करत असाल तर १९५५ चा कटर लॅबोरेटरीजच्या पोलिओ लसीचा प्रसंग अभ्यासा. त्या लसीत जिवंत विषाणू राहून गेला, सुमारे २०० जणांना अर्धांगवायू झाला आणि १० जण दगावले. गुठळ्यांच्या आतल्या विषाणूपर्यंत फॉर्मेलिन पोचत नाही. म्हणून निष्क्रिय करण्याआधी गाळा, ठरावीक तासांनी नमुने काढून घट मोजा, आणि शेवटचा नमुना पेशींवर लागोपाठ तीन पॅसेज चालवून काही वाढत नाही याची खात्री करा.

वही आणि पुढची वाट

वहीत लॉट क्रमांक, पॅसेज क्रमांक, व्हायल क्रमांक आणि कंट्रोलचे प्लाक रोज. फसलेली प्लेटसुद्धा फोटोसह. कुठला प्रयोग बाद धरायचा याचे निकष आधी लिहा, उदाहरणार्थ कंट्रोलचे प्लाक ३० पेक्षा कमी किंवा ७० पेक्षा जास्त आले तर प्लेट बाद. निकाल पाहून निकष ठरवला की तो निकष राहत नाही.

पदवीनंतर वाटा अनेक फुटतात : मूलभूत संशोधन, उत्पादनातली गुणवत्ता चाचणी, मानवी चाचण्यांचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा, नियामक संस्था. चारही ठिकाणी मुलाखतीत एक प्रश्न येतो : तुमच्या चाचणीत दिवसागणिक किती फरक पडतो? त्यासाठी पॉझिटिव्ह सीरमच्या टायटरचा तारखेप्रमाणे आलेख पहिल्या प्रयोगापासून ठेवा. दोन वर्षांचा असा एक आलेख, त्यात कुठल्या दिवशी उडी आली आणि तिचं कारण काय सापडलं, एवढं एका पानावर मांडून मुलाखतीला सोबत न्या.